पडलेली गाडी आणि माझे जुने वाक्य

मागच्या पावसाळ्यात मिरजेजवळ शाळेला जाताना माझी मोटारसायकल घसरली. रात्रभर पाऊस झालेला आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली. वेग कमी होता म्हणून गुडघा खरचटण्यावर भागले, अल्हम्दुलिल्लाह. दूध घालायला निघालेल्या एका शेतकऱ्याने गाडी उभी करून दिली. मी सेल्फ मारला. इंजिन फिरले, पण गाडी चालू होईना. पुन्हा मारला, पुन्हा. पाच मिनिटांत चार माणसे जमली आणि सहा सल्ले मिळाले. कोणी म्हणाले चोक ओढा (या गाडीला चोक नाहीच), कोणी म्हणाले ढकला. मी आपला सेल्फ मारतच राहिलो. शेवटी नुसती टकटक ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात स्कूटीवर सामान घेऊन एक तरुण थांबला. माझाच जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडून गॅरेजात गेलेला. गाडीकडे न बघता त्याने आधी विचारले, "सर, पहले बोलो, कहाँ लगा?" गुडघा पाहिला, मला कडेला बसवले आणि मग म्हणाला, "अब सेल्फ नको मारो. बॅटरी खतम होती."

पेट्रोल कुठे गळत नाही ना, हे त्याने वाकून, वास घेऊन पाहिले. हँडलवरचा लाल किल स्विच बघितला. गाडी पडताना हात लागून तो बंद होतो आणि माणूस तासभर घाम गाळत बसतो. माझा चालूच होता. साइड स्टँड वर आहे, गाडी न्यूट्रलला आहे, हे पाहिले. मग त्याने चावी बंद केली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि पुन्हा लावून कान दिला. टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज आला. "पंप आया," तो म्हणाला. सेल्फला जीव उरला नव्हता, म्हणून किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

झाले होते एवढेच. माझ्या गाडीत इंधन इंजेक्शनने जाते. अशा बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर असतो. गाडी ठरावीक कोनापेक्षा जास्त कलली की तो इंजिन बंद पाडतो, म्हणजे पडलेल्या गाडीचा पेट्रोल पंप चालू राहून आग लागू नये. गाडी उभी केली तरी पुष्कळ मॉडेलमध्ये चावी एकदा बंद करून परत लावल्याशिवाय ती चालू होत नाही. मी चावीला हातच लावला नव्हता.

"आणि माझी जुनी गाडी असती तर?" मी विचारले. क्लचची मूठ आणि हँडल तपासता तपासता त्याने धडाच दिला. जुन्या गाडीत कार्बोरेटर. त्याच्या तळाशी पेट्रोलचे छोटे भांडे असते आणि आतला फ्लोट पातळी राखतो. गाडी आडवी झाली की हा हिशेब बिघडतो, जास्तीचे पेट्रोल इंजिनात शिरते आणि प्लग ओला होतो. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. चोक ओढायचा नाही, कारण आत पेट्रोल आधीच जास्त आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारायची, म्हणजे हवा जास्त जाते. तरी जमले नाही तर प्लग काढून पुसायचा, वाळवायचा. आणि किक दगडासारखी घट्ट लागली तर जोर मुळीच करायचा नाही. सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल शिरलेले असू शकते. पातळ पदार्थ दाबला जात नाही, त्यामुळे आतला रॉड वाकतो. चावी बंद ठेवून, प्लग काढून हळूहळू किक मारत ते बाहेर काढायचे. चालू झाल्यावर थोडा वेळ धूर आला तर घाबरायचे नाही.

मी बीएड झालेला माणूस. माहितीकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून अवघडाकडे, हे आम्हाला पाठ करायला लावले होते. रस्त्याच्या कडेला हा मुलगा तेच करत होता. आधी माणूस, मग आगीचा धोका, मग फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टी आणि पाना सर्वांत शेवटी.

हे सगळे तू कुठे शिकलास, असे विचारल्यावर तो हसला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. पडून बंद झालेली अशी पहिली गाडी त्याच्या उस्तादांकडे आली तेव्हा दोघांनी दोन दिवस ती खोलली, जोडली. शेवटी गिऱ्हाईक ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर घेऊन गेले. तिथे ती काही मिनिटांत चालू झाली. त्या दिवसापासून तो रात्री मोबाइलवर वायरिंगचे नकाशे बघतो. "पर सर, सब इंग्लिश में रहता. आधा समझता, आधा अंदाज."

हे ऐकून मला माझे वर्गातले एक वाक्य आठवले. वर्षानुवर्षे मी ते वापरले आहे, बहुधा त्यालाही उद्देशून: "नाही शिकलास तर गॅरेजात जाशील." वर्ग हसायचा. त्या वर्गात ज्यांचे अब्बा, मामू, भाई गॅरेजात होते, ती मुले कशी हसली असतील, हा विचार मी कधी केला नाही.

हे वाक्य दोन प्रकारे चुकीचे आहे. एक तर ते हुनरचा अपमान करते. मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, ही नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आहे. ज्या कमाईवर आमच्या मुलांच्या घरची चूल पेटते, तिलाच आम्ही शिक्षक बागुलबुवा करून दाखवतो. दुसरे म्हणजे ते खोटे आहे. न शिकता चालेल असे गॅरेज आता उरलेले नाही. पालक म्हणतात, "गॅरेजातच जायचंय, शाळा कशाला?" आणि मी म्हणायचो, "शाळा सोडशील तर गॅरेज." बोलणे उलटे, पण दोघांनीही गॅरेज आणि शाळा यांच्यात भिंतच घातली.

मिरजेला या भिंतीचे कौतुक नसावे. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही जण तंबोरे-सतारीकडे वळले. हात तेच होते, विद्या नवी शिकावी लागली. आज कार्बोरेटरवर वाढलेल्या उस्तादांवर तीच वेळ आली आहे.

काहीजण म्हणतील, सर, तुम्ही आमच्या पोरांना पुन्हा पाना हातात घ्यायला सांगताय. नाही. आमची मुले डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावीत हीच दुआ आहे. पण जो पाना घेईल, त्याने दहावी करून घ्यावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला दहावी पास लागते. आणि आम्ही शिक्षकांनी प्लवन शिकवताना फळ्यावर फ्लोट काढावा, विद्युतमंडल शिकवताना किल स्विच दाखवावा, भाषेच्या तासाला गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका वाचून घ्यावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

त्या मुलाने पैसे घेतले नाहीत. मग आमचे ठरले. रविवारी तो माझ्याकडे वायरिंगचे नकाशे घेऊन येतो आणि आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचे त्याच्या मनात आहे. मी ते वाक्य वर्गात पुन्हा उच्चारलेले नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनीही ते सोडावे, एवढीच विनंती.