जंगल हेही कामाचे ठिकाण आहे!

मे महिना लागला की मूल, सावली, सिंदेवाही तालुक्यांतील बाया पहाटेच जंगलाची वाट धरतात. तेंदूपत्ता तोडायचा, ओझे डोक्यावर घेऊन घर गाठायचे, पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. मजुरी शंभर पुड्यांमागे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाहीच्या जंगलात अशाच तीन महिलांना वाघाने ठार केले. त्याच महिन्यात मूल तालुक्यातही बळी गेले.

वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय सरकारने २०२३ मध्ये घेतला. ते मिळालेच पाहिजेत. वाघही जगला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न मृत्यूच्या आधीचा आहे. कारखान्यासाठी कारखाना निरीक्षक आहे, कोळसा खाणीसाठी खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. मग तेंदू तोडणारी बाई कामगार नाही काय? जंगल हे तिचे कामाचे ठिकाण नाही काय?

कामाच्या ठिकाणी पर्यावरण रक्षणाचे नेतृत्व कोणी करावे, यावर आज व्यवस्थापनशास्त्रात भरपूर संशोधन होते. त्यात नेता म्हणजे बहुधा साहेब आणि कर्मचारी म्हणजे साहेबाचे पाहून शिकणारा! ज्या चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथ्या क्रमांकावर ठेवले, तिथे साहेबांची कमतरता कधीच नव्हती. ज्याच्या फुप्फुसात धूळ जाते आणि ज्याच्या पायाखाली जंगल आहे, त्याला कोणी विचारले नाही. नेमकी हीच मेख आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न आठ दशकांपूर्वीच ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होताच ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीतील त्रिपक्षीय कामगार परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाभोवती बसले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. कामगाराला दया नको, खुर्ची हवी, हा त्यामागचा विचार होता. जंगलातल्या कामगाराची खुर्ची आजही रिकामीच आहे.

ती जिथे भरली गेली, तिथे काय घडले ते पाहा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला. कायदा वाचला, जंगल मोजले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, हे पाहून पाचगावच्या ग्रामसभेने पैसा देणारा तेंदू बंद केला आणि बांबूवर भर दिला. हे संशोधन नाही तर काय? हे नेतृत्व नाही तर काय?

आता आपल्या समाजाचे पाहू. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. आदिवासींखेरीज इतर वननिवासींना त्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ७५ वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. १९३० साली ज्या माणसाला विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्याचे नाव कोणत्या दप्तरात लिहिले गेले असेल? ही अट आमच्या भूमिहीनांच्या मुळावर येते. तरीही एक दार उघडे आहे. या कायद्याची ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ माणसे. त्यात जात नाही, सातबारा नाही. सभेला हजर असणाऱ्यांत किमान एकतृतीयांश महिला असल्याच पाहिजेत. त्या सभेत आपण बसतो का? बसलो तर बोलतो का?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वनखात्याच्या कॅमेऱ्यांना वाघ कुठे दिसला, ही माहिती तेंदू हंगामाआधी ग्रामसभेसमोर मांडा आणि कोणत्या भागात काम थांबवायचे ते तोडणाऱ्या बायांसोबत बसून ठरवा. थांबवलेल्या दिवसांची मजुरी द्या. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधनाने या बायांना केवळ माहिती देणाऱ्या न मानता जाणकार मानावे, आणि निष्कर्ष मराठीत आणि गोंडीत गावासमोर ठेवावेत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्याच्या भूमीत बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आज या जिल्ह्यात गावोगावी विहारे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे वनहक्क कायदा वाचला जावा, एवढे तर आपल्याच हातात आहे. ‘शिका’ हा पहिला आदेश आहे. पुढचा तेंदू हंगाम येण्याआधी आपण शिकलो, तर एखादी माय संध्याकाळी घरी परत येईल.