वतनावरचे पाणी

राजसत्ता कोठून उत्पन्न होते व ती परत घेण्याचा अधिकार प्रजेस आहे की नाही, हा वाद केवळ पंडितांचा आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी भोरच्या आसमंतातील रोहिडखोऱ्याचा इतिहास एकवार वाचावा.

१६५१ साली हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशातील यादवी व राजाचा १६४९ सालचा शिरच्छेद त्याच्या डोळ्यांपुढे होता. मनुष्य स्वभावतःच भयग्रस्त व चढाओढीचा. वर दंडधारी कोणी नसेल तर सर्वांचा सर्वांशी कलह माजावयाचा. सबब लोकांनी आपापसांत करार करून सर्व सत्ता एकाच्या हाती द्यावी, असे त्याचे म्हणणे. हा सत्ताधीश स्वतः करारात सामील नसतो. अर्थात त्याच्याकडून करारभंग संभवतच नाही! लॉकने १६८९ साली नेमकी उलट मांडणी केली. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांवरील हक्क सरकारच्या आधीचे आहेत. सरकार केवळ विश्वस्त होय. विश्वस्ताने ठेव गिळली तर धनी ती परत घेण्यास मोकळा. आमच्या व्यापारी वाचकांस हे अधिक फोडून सांगावयास नको.

१६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांस आदिलशाही फर्माने गेली. उत्रोळीचा खंडोजी खोपडे खानास मिळाला. भय आणि वतनाचा लोभ, हॉब्जने वर्णिलेला मनुष्य तो हाच. कारीच्या कान्होजी जेध्यांनी मात्र शहाजीराजांस दिलेली शपथ स्मरून शिवाजी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडले, असे जेधे करीना सांगतो. खोरे एक, संकट एक, आणि माणसे दोन तऱ्हेची! मनुष्यस्वभाव एकाच साच्याचा धरून राज्यशास्त्र रचणारांस हे उदाहरण अडचणीचेच आहे.

तथापि कान्होजींच्या इमानाविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक गोष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. ते वचन देशमुखाने धन्यास दिलेले होते; नांगर धरणाऱ्या कुळास कोणी विचारले नव्हते. पुढे सचिवांच्या भोर संस्थानातही, दक्षिणी संस्थानांतील प्रजा परिषदा भरवून जबाबदार राज्यपद्धती मागू लागली तेव्हा कोठे रयतेच्या संमतीची भाषा सुरू झाली. १९४८ च्या मार्चात संस्थान विलीन झाले व १९५० साली राज्यघटनेने सत्तेचे मूळ लोकांतच असल्याचे उघड सांगितले. लॉकचा पक्ष कागदावर जिंकला.

कागदावर, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. १९५८ च्या कायद्याने ग्रामसभेस हिशेब विचारण्याचा अधिकार दिला आहे. परंतु गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट उरत नाही. मग चार असामी बसून साऱ्या गावाच्या नावे ठराव करतात. हॉब्जच्या प्रजेने निदान भयापोटी सत्ता सोपविली. आपण ती आळसापोटी सोपवितो!

सगळा दोष लोकांचाही नव्हे. वेल्ह्याकडील डोंगरवाड्यांतून पायी येणाऱ्यास, किंवा लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या बाईस, ऐन कामाच्या वेळी भरलेली सभा असून नसल्यासारखीच. दवंडी प्रत्येक वाडीत पोचावी, सभेची वेळ शेतीचे काम पाहून धरावी, स्त्रियांची सभा केवळ सह्या गोळा करण्यापुरती उरू नये, आणि जमाखर्च तोंडी न सांगता सर्वांस दिसेल असा फळ्यावर लावावा. एवढे प्रत्येक सरपंचास येत्या सभेपासूनच करता येण्याजोगे आहे.