उसनी भांडणं

नागपूरकरांना धम्मदीक्षेचा १४ ऑक्टोबर पाठ असतो, नागपूर करारही तोंडी असतो. २९ नोव्हेंबर मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो. १९७० साली याच तारखेला, रविवारी, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा चर्चनी आपापली नावं खाली ठेवली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभं राहिलं. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे तब्बल ४१ वर्षं. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता, चर्चच्या पंचांगातला पाडवाच म्हणा ना.

खाली ठेवलं ते नुसतं नाव नव्हतं. बिशप असावा की वडीलजनांच्या सभेने कारभार पाहावा, बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या माणसाला, यावरून युरोपात शतकानुशतकं भांडणं झाली होती. ती आपल्याकडे कशी आली याचा सगळ्यात चांगला दाखला नागपूरचाच आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. हे चर्च मूळ स्कॉटिश चर्चमधून फुटून निघालं होतं १८४३ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षांपूर्वी. पाळक नेमायचा अधिकार गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा, हा तंटा होता. ज्याने स्कॉटलंड नकाशावरही पाहिलं नव्हतं असा विदर्भातला माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या तंट्याचा वारस ठरला. इंग्रजांचं कॅथेड्रल एकीकडे, स्कॉटिश मंडळी दुसरीकडे. प्रभू एक, प्रभुभोजनाच्या पंगती वेगळ्या. (पंगतीचा भेद आपल्याला नवा नव्हता, हा भाग वेगळा.)

१९७० मध्ये हा गुंता ज्या रीतीने सोडवला, ती आम्हाला त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पाळकपदाची कुणाची दीक्षा पुरी आणि कुणाची अपुरी, हा प्रश्न सुटणारा नव्हता. मग सर्व परंपरांच्या पाळकांवर एकमेकांनी हात ठेवले आणि ज्याच्यात जे उणं असेल ते देवाने भरून काढावं, अशी प्रार्थना केली. कोणात काय उणं, हे मुद्दामच सांगितलं नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती राहू दिल्या. हिशेब मिटवला नाही, वही देवाच्या हाती दिली. टीकाकार याला संदिग्धपणा म्हणाले. आम्ही शहाणपण म्हणू. अमेरिकी परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च मात्र ऐन वेळी बाहेर राहिलं. सगळ्यांचीच मूठ सैल होत नाही.

आगमनकाळात यशया संदेष्ट्याची वचनं वाचली जातात. तो एके ठिकाणी लोकांना मागच्या गोष्टी मनात आणू नका म्हणतो आणि दोन-तीन अध्याय ओलांडले की त्याच मागच्या गोष्टी आठवा म्हणतो. फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल मागचं विसरून पुढे धावायचं ठरवतो, पण त्याच पत्रात आधी आपलं कूळ, वंश आणि परूशीपण ओळीने मोजून दाखवतो. विसरायचं काय, हे आधी नीट आठवावं लागतं.

आणि इथेच अडचण सुरू होते. स्कॉटलंडचं भांडण आपलं नव्हतंच. उसनं घेतलेलं परत करायला फार जड जात नाही. घरचं काय? विलीनीकरणात आलेल्या ब्रदरन चर्चच्या गुजरातमधल्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सभेने ठराव केला म्हणून विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या चर्चची होत नाही. प्रार्थनेने जुळलेलं सात-बाऱ्यावर जुळलं नाही. देवाचं घर एक झालं. जागेचे कागद जुन्याच नावाने बोलत राहिले.

याहून खोल गोष्ट जातीची. बाप्तिस्मा घेताना जुना माणूस मागे राहतो, असं चर्च शिकवतं. गाव ते शिकलं नाही. आणि चर्चमध्येही सोयरीक जुळवताना जी चौकशी होते ती जाणणारे जाणतात. कायद्याने मात्र चर्चच्या शिकवणीवर अक्षरशः विश्वास ठेवला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. या प्रश्नाचा अभ्यास करायला २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमावा लागला. ज्या शहरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको: धर्म सोडला म्हणून वेदना सोडून जात नाही, आणि वेदना आठवली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद. एखाद्या ख्रिस्ती घरात तसा कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला असेलही. त्यावर जात स्वच्छ लिहिलेली असेल. तहसील कार्यालयाच्या खिडकीवर तो दाखवून उपयोग नसतो.