भिंग आणि परभणीचं ऊन

मुंबईच्या युनियन हायस्कूलमधल्या भावे सरांचा एक तास डॉ. रघुनाथ माशेलकर वारंवार सांगतात. सरांनी मुलांना उन्हात नेलं, कागदावर बहिर्वक्र भिंग धरलं. किरण एका बिंदूत आले आणि कागद पेटला. आपली शक्तीही अशीच एकवटायला सरांनी सांगितलं, आणि शास्त्रज्ञ व्हायचं माशेलकरांच्या मनाने घेतलं. परभणीत ऊन मागून आणावं लागत नाही, भिंगही महाग नाही. तरी हा प्रयोग पुष्कळदा फळ्यावरच्या आकृतीतच उरकतो. अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे शिक्षकांचं गाऱ्हाणं खोटं नाही. पण इथे लागतात जेमतेम पाच मिनिटं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एका तासाने कोणी शास्त्रज्ञ होत नाही. खरंच आहे. १९६० साली शालान्त परीक्षेत राज्यात ११ वे येऊनही माशेलकर शिक्षण सोडण्याच्या बेतात होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांनी त्यांना तारलं. पण मुळात ओढच लागली नसती, तर ते ६० रुपये विज्ञानाच्या कामी आले असते का? परभणीत तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, माती-बियाण्यांवरचं संशोधन हाकेच्या अंतरावर चालतं. जिल्हा परिषद शाळांच्या सहली तिथे वर्षातून एकदा तरी जायला हव्यात. खर्च काय तो एसटीचा.