चाळिशी कामगाराची, जबाबदारी कोणाची?

मराठी भाषेने चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता ओसरू लागते आणि जवळचे अक्षर अंधूक होते. शिक्षक किंवा कारकून अशा वेळी वर्तमानपत्र हातभर लांब धरतो, चार दिवस कुरकुरतो आणि अखेर चष्मा करून आणतो. परंतु पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात लेथवर उभ्या असलेल्या कामगाराने मायक्रोमीटर लांब धरला, तर त्यावरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जातात. इचलकरंजीतील विणकराला तुटलेला धागा हातभर अंतरावरून सांधता येत नाही. डोळ्यांची चाळिशी त्यांच्या बाबतीत केवळ गैरसोय नसते; तिची गाठ रोजगाराशी आणि प्रसंगी हाताच्या बोटांशीही पडते.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि त्या वेळी चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळेल, असे जाहीर केले. या संहितांच्या इतर तरतुदींबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविकही आहे. तथापि, ही एक तरतूद स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होऊ नये. प्रश्न एवढाच की, या तपासणीत डोळ्यांना स्थान कोणते?

आपल्याकडे आरोग्य तपासणी म्हटली की वजन, रक्तदाब, रक्त व लघवी यांची परीक्षा होते. डोळ्यांच्या वाट्याला फार तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता येतो. सहा मीटरवरून तो वाचला की ‘दृष्टी उत्तम’ असा शेरा पडतो. वस्तुतः त्या तक्त्यावरून जवळच्या दृष्टीचा काहीच बोध होत नाही. काचबिंदू तर बहुधा वेदनेवाचून येतो, आधी बाजूची दृष्टी खातो आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. त्याने गेलेली दृष्टी परत आणण्याचा उपाय वैद्यकाजवळ नाही. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजाही आरंभी जाणवत नाही. डोळ्यातील दाब मोजणे आणि डोळ्याचा पडदा पाहणे, या दोन गोष्टी केल्या तरच हे रोग वेळीच सापडण्याची शक्यता असते.

‘वयामुळे येणाऱ्या दोषाचा भार कारखान्याने का उचलावा?’ असे मालकवर्ग विचारील. त्याला पहिले उत्तर हिशेबाचेच आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळीस वा त्याहून अधिक वयाच्या ७५१ मजुरांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे पाहण्याचे चष्मे दिले, त्यांची पानांची खुडणी चष्मे न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. चष्म्यासारख्या स्वस्त साधनाने एवढा लाभ होत असेल, तर तो खर्च दानधर्माच्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर न्यायाचे आहे. भट्टीसमोर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला उष्ण प्रारणांमुळे मोतीबिंदू होऊ शकतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यानेही पुढे त्याची गणना व्यावसायिक रोगांत केली होती. उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांपासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमात होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची बारा महिन्यांच्या आत पुन्हा वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन त्यात आले. म्हणजे तत्त्व जुनेच आहे. उणीव होती ती अंमलबजावणीची.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. दृष्टी अधू झाल्याचे कळले तर काम जाईल, ही भीती कामगाराच्या मनात असते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ती निराधारही म्हणता येत नाही. मग तो तक्ता पाठ करतो, शेजाऱ्याकडून माप वाचून घेतो आणि अंदाजाने यंत्र चालवतो. जी तपासणी माणसाला घरी पाठवण्याचे निमित्त ठरते, तिच्यापुढे कोणीही आपला दोष उघड करणार नाही. असा दोष मग अपघातातच उघडा पडतो.

म्हणून नियमांत तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. वार्षिक तपासणीत जवळची दृष्टी, डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल यांची परीक्षा असावी. दोष आढळल्यास चष्मा अथवा उपचार मालकाच्या खर्चाने मिळावेत. सुरक्षा चष्म्यातही नंबराची भिंगे बसवून द्यावीत, कारण आपला चष्मा काढून सुरक्षा चष्मा लावा असे सांगणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करणे होय. आणि केवळ तपासणीच्या निष्कर्षावरून कोणालाही कामावरून कमी करता येऊ नये. गरज पडल्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. दहा माणसांच्या आतल्या ज्या असंख्य कार्यशाळा या व्यवस्थेच्या कक्षेत सहसा येत नाहीत, तेथे सरकारी रुग्णालयांनी फिरती पथके पाठवावीत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीच हाती घेणाऱ्या देशाला हे अशक्य नाही.

रेल्वे आपल्या इंजिनचालकांची दृष्टी ठरावीक मुदतीने तपासते, कारण तेथे शेकडो प्रवाशांचे प्राण त्या दृष्टीवर अवलंबून असतात. यंत्रावरच्या कामगाराच्या दृष्टीवर एकच संसार अवलंबून असतो. तो एकच आहे, म्हणून त्याचे मोल कमी मानायचे काय?