रेकॉर्डरची भूपाळी

माणसाने उठल्या उठल्या कामाला लागावे, अशी माझी अपेक्षा नाही. मी स्वतः दोन कप चहा पोटात गेल्याखेरीज माणसांत येत नाही. पण यंत्राने असले लाड करून घ्यावेत हे मला साफ नामंजूर आहे. आमचा डिजिटल रेकॉर्डर पाहा. बटण दाबले की पडद्यावर कंपनीचे नाव झळकते, आणि झळकतच राहते. लग्नपत्रिकेवर गणपती छापावा आणि खाली मजकूरच नसावा, तसे!

याला म्हणे 'बूट न होणे' म्हणतात. आमच्या पिढीला बूट चावतो एवढेच ठाऊक. तो होतही नाही, हे नवीनच.

मग भूपाळ्या सुरू. बॅटरी काढा, जरा थांबा, पुन्हा घाला. नाही उठला? कार्ड काढून पाहा. हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, कारण हे महाशय जागे होताना आधी कार्डावरची सगळी यादी वाचत बसतात आणि यादी बिघडलेली असली की तिथेच खिळतात. कार्ड मोठे असले तरी पंचाईत. जुन्या यंत्रांना ३२ जीबीपर्यंतचे पचते, त्यावरचे ओळखूच येत नाही. शेवटचा उपाय म्हणजे आतली आज्ञावली नवी भरणे. ती भरता भरता बॅटरीने मान टाकली तर यंत्राची वीट होते. पुंडलिकाच्या विटेवर निदान पांडुरंग उभा राहिला; या विटेपुढे आपणच हात जोडून उभे!

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनच्या यंत्राने ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा आवाज पोलादी तारेवर धरला. तो आजही ऐकता येतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान कर्ण्यात गायल्या, तोही आवाज राहिला. त्या यंत्रांत खोट्या नव्हत्या असे नाही. कॅसेटसुद्धा गुंडाळा खायचीच. पण तो गुंडाळा डोळ्यांना दिसे, आणि पेन्सिल घालून फिरवली की पोरसुद्धा तो सोडवी.

माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. तिच्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याशिवाय आता कुणाला येत नाहीत, आणि त्या कुठे लिहिलेल्याही नाहीत. "म्हण ना," म्हटले की ती म्हणत नाही. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आपणहून सुरू झाली. मी बटण दाबले. कंपनीचे नाव! चार ओव्या गेल्या.

"झालं का रे तुझं?"

"होतंय, आत्या."

कार्ड उपसून काढले तेव्हा कुठे यंत्र उठले. तोवर आत्याने सूप उचलले होते. "आता नाही बाई आठवत."

तज्ज्ञ सांगतात, कार्डावर जागा किती हे यंत्राला आधी कळायला नको का? कळू द्या की! पण पोटात स्वतःची जागा असताना आधी आवाज त्यात घ्या, आणि हिशेब मागाहून करा. दारात पाहुणा उभा असताना कुणी घरातल्या पाटांची मोजदाद करत नाही. आणि कार्ड वाचता येत नसेल तर तसे शब्दांत सांगा ना. नाव कसले मिरवता?

हे सगळे मी दुरुस्तीच्या दुकानात तावातावाने बोललो. गल्ल्यावरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, नवीन मॉडेल घ्या. चार सेकंदांत चालू होतं."

चार सेकंदांत आत्याची अर्धी ओवी होते.