मिस्टर एकच, मग ‘दे’ कशाला?

नौपाड्याहून एका भगिनीने लिहिले आहे : “मुलगी इंग्रजी शाळेत आहे. पालकसभेला मी एकटीच गेले. बाईंनी मिस्टरांची चौकशी केली तेव्हा ‘दे आर इन ऑफिस’ म्हणून गेले. बाईंनी विचारले, कोण कोण? मुलगीसुद्धा हसली. आता सभेला जाऊच नये असे वाटते.”

ताई, सभेला अवश्य जा! ही चूक अडाणीपणाची नव्हे, मराठी वळणाची आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकींनी ए-बी-सी-डी गिरवली ती पाचवीत. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पुष्कळ घरे इंग्रजी शिकली. पण सर्वनामांचे भाषांतर शब्दाला शब्द लावून होत नाही. एवढ्या गोष्टी ध्यानात ठेवा :

१. मान : आपण नवऱ्याला ‘हे’ म्हणतो, सासूबाईंना ‘त्या’. माणूस एक, पण मान अनेकवचनाचा. इंग्रजी सर्वनाम डोकी मोजते, मान नाही. मिस्टर ‘ही’ आणि सासूबाई ‘शी’. मोठ्या माणसाला ‘शी’ म्हणताना जीभ अडखळते ना? मग आधी ‘माय मदर-इन-लॉ’ म्हणा, पुढच्या वाक्यात ‘शी’. ‘दे’ म्हणजे दोघे किंवा अधिक. मात्र “कुणीतरी छत्री विसरून गेलंय” अशा वेळी, माणूस कोण ते ठाऊक नसेल, तर एकट्यालाही ‘दे’ चालते.

२. तू आणि तुम्ही : दोघांनाही ‘यू’. पूर्वी इंग्रजीतही ‘तू’साठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता, आणि मानाने बोलायचे तर ‘यू’. पुढे सगळ्यांनाच ‘यू’ म्हणायची रीत पडली आणि ‘दाऊ’ मागे पडले. म्हणजे ‘यू’ हे अरेतुरे नव्हे, अहोजाहोच! मुख्याध्यापिकांनाही खुशाल म्हणा. अदब दाखवायला ‘प्लीज’ आणि ‘मे आय’ आहेतच.

३. मालक पाहा, वस्तू नको : आपल्याकडे खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’, इंग्रजीत दोन्ही ‘इट’. मुलाची वही दाखवताना आपण चटकन ‘हर नोटबुक’ म्हणतो, कारण वही स्त्रीलिंगी. पण वही कुणाची? मुलाची. म्हणून ‘हिज नोटबुक’. मुलीचा डबा मात्र ‘हर टिफिन’.

४. जागा रिकामी नको : “उद्या येईन” म्हटले की कोण येणार ते आपल्याला क्रियापदावरून कळते. इंग्रजीत ‘आय विल कम टुमॉरो’ असे ‘आय’ लावावेच लागते. “मला भूक लागली” यात ‘मी’ नाही, तरी ‘आय ॲम हंग्री’. आणि “पाऊस पडतोय” म्हणजे ‘इट इज रेनिंग’. हा ‘इट’ म्हणजे कुणीच नाही, नुसती जागा अडवून बसलेला!

५. आम्ही की आपण? : इंग्रजीत दोन्ही ‘वुई’. अमराठी शेजारणीला “आम्ही गडकरी रंगायतनला नाटकाला चाललोय” हे ‘वुई’ लावून सांगितलेत, तर आपल्याला बोलावले की नाही हे तिला कळायचे नाही. बोलवायचे असेल तर ‘प्लीज कम विथ अस’ एवढे जोडा.

सराव सोपा आहे. पोळ्या लाटताना घरातल्या एकेकाविषयी मनात दोन वाक्ये जुळवा : कोण, कुठे गेले, काय घेऊन गेले. बोलण्याआधी फक्त विचारा, माणसे किती आणि वस्तू कुणाची? मुलीलाही या खेळात घ्या. ती तुमचे ‘हिज’ आणि ‘हर’ तपासेल. तुम्ही तिला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक शिकवा. इंग्रजी शाळेतल्या मुलांचे नेमके तिथेच अडते, आणि ते तिला तुमच्याइतके चांगले कोण सांगणार?